जोडीतली दुसरी गोळी

तानुबाई डोक्यावर खापर घेऊन निघाली, की गल्लीला कळायचं, आज कुणाच्या तरी घरी मांडे आहेत. खापर म्हणजे पसरट बुडाचं मोठं मातीचं भांडं. ते चुलीवर पालथं ठेवायचं, खाली पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ घालायचा आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर पुरणाचा मांडा भाजायचा. इतर ठिकाणी पुरणपोळी लाटतात. आमच्या खानदेशात मांडा लाटत नाहीत, हातावर वाढवतात. सैल कणकेच्या गोळ्यात पुरण भरायचं आणि तो गोळा या हातावरून त्या हातावर झेलत, फिरवत कोपरापर्यंत पसरवत न्यायचा. तानुबाईचा मांडा दोन्ही हातांवर पसरला, की त्याच्यातून खालचं गोंदण दिसायचं.

मी उभा जन्म तमाशाच्या फडात काढला. तीस वर्षं लुगडं नेसून मावशीचं सोंग केलं. नाचणाऱ्या बायांचे हात मी फार जवळून पाहिले आहेत. पण खापरापुढे बसलेल्या तानुबाईच्या हातांना जो ताल होता, तो मी कुठल्या बोर्डावर पाहिला नाही. तिच्यापुढे बसायला तिकीट असतं तर मी पहिल्या रांगेचं काढलं असतं.

ती मूळची सोनगीरची. लग्न होऊन पारोळ्याला आली. नवरा लोटन जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचा. तो लवकर गेला. सासूने शिकवलेल्या मांड्यांवर तिने निंबाला, म्हणजे मुलाला, वाढवलं. निंबा पुढे सुरतेला कापडगिरणीत लागला. घरी तानुबाई आणि सून बेबाबाई, दोघीच. त्यांची आणि माझी भिंत एक. चौऱ्याऐंशी साली गुडघ्यांनी जबाब दिला, मी फड सोडून गावी आलो, तेव्हापासून माझा सकाळचा चहा त्यांच्या ओट्यावर ठरलेला.

"नाना," ती म्हणायची, "तुम्ही लुगडं नेसत व्हतात तवय शिट्या पडेत. मी जलमभर नेसस, कोनी वळीसन दखत बी नही."

"लोके तुना मांडा दखतस, तानु. मनाजोडे मांडा नव्हता, मंग लुगडंच दाखाडनं पडे."

मग बेबाबाई आतून हसायची आणि चहात साखर जास्त पडायची.

नव्वद सालच्या आखाजीची गोष्ट. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा दिवाळीएवढा सण. घरोघर पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि मांडे-आमरसाचा घास निखाऱ्यावर ठेवून पितरांना देतात. त्याला आगारी टाकणं म्हणतात. त्या दिवशी तानुबाईचं बोलावणं इंदिराबाईंच्या घरी होतं. मोठं खटलं, साठ मांडे. आणि पहाटे पाहतो तर तानुबाई ओट्यावर डोळे पुसत बसलेली. उजवा खांदा असा धरला होता की तिला स्वतःची वेणी घालता येईना.

"साठ मांडा, नाना. आनि हात खांदावर जात नही."

माझ्या बंडीच्या खिशात गोळ्या होत्या. धुळ्याच्या डॉ. पितांबर वाणींनी माझ्या गुडघ्यांसाठी दिलेल्या. दोन प्रकारच्या होत्या. एक दुखण्याची, एक पोटाची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दोन्ही बरोबर घ्यायच्या. दुखण्याची जेवल्यावर, दिवसाला एकच." माझं पोट तरुणपणापासून नाजूक, तेव्हा दुसरी गोळी माझ्या पोटाच्या तक्रारीसाठी आहे, असा अर्थ मी माझ्या अकलेने लावला होता. तानुबाईला पोटाचं काही नव्हतं. ती तर हिरव्या मिरच्यांचा ठेचा आणि कळण्याची भाकरी पचवणारी बाई. तिला पोटाची गोळी कशाला? मी पट्टीतून दुखण्याच्या दोन गोळ्या फोडल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या.

त्या दिवशी तिने साठाचे सत्तर मांडे केले. संध्याकाळी खापर डोक्यावर घेऊन, मुलीसारखी मान ताठ ठेवून परत आली.

"नाना, गोळी नही, जादू शे ती."

मला किती बरं वाटलं! कुणाचं दुखणं आपल्या हातून थांबावं, याहून मोठी टाळी नाही.

त्यानंतर ती जादू रोजची झाली. लग्नसराई होती, आंब्यांचे दिवस होते, घरोघर बोलावणी होती. गोळ्या मीच आणून द्यायचो, माझ्या कागदावर. ती कधी एक घ्यायची, कधी तीन.

आता यात एक गोष्ट आमच्याकडची सांगायला हवी. सणावाराला मांडे करायला बसलेल्या बाईने आगारी पडेपर्यंत तोंडात घास घालायचा नाही, अशी रीत. पितर जेवले नाहीत तर ती कशी जेवणार? आणि आगारी पडायची दुपारी, घरचे सगळे पुरुष जमले की. तोवर बाई पहाटेपासून धगीपुढे. पण गोळी म्हणजे घास नव्हे. "औषधले कसाना विटाळ?" असं म्हणून तानुबाई पहाटे एक गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घ्यायची आणि दहाच्या सुमाराला दुसरी. पोटात दुसरं काही नाही. भाद्रपदात पितृपक्ष आला. आज या घरचं श्राद्ध, उद्या त्या घरचं. पंधरा दिवस रोज बोलावणं, रोज उपाशी पोट, रोज गोळ्या.

तिच्या पोटात आग पडायला लागली. पण मांडे करणाऱ्या बायांच्या पोटात आग पडली तर तिचं कारण सगळ्यांना ठाऊक असतं. खापराची धग. ती पोटात उतरते, असं तिची सासू सांगायची, सासूची सासू सांगायची. उपायही ठरलेले. सब्ज्याचं पाणी, वाळ्याचं पाणी, थंड ताक. तानुबाईने सगळं केलं. मी ओट्यावर बसून तिला वर सल्ला देत होतो, "ताकात जिरं घाल." असा मी शहाणा.

दसऱ्याच्या आधी मी बसस्टँडजवळच्या मेडिकलवर गेलो. दुकान असलमचं. असलम तिशीतला, बोलायला गोड, पण नजर सोनाराची.

"नाना, एक विचारू? राग नका धरू."

"तू राग येण्यासारखं विचारलंस तर येईल. विचार."

"तुम्हाला गुडघे किती? दोन का सहा?"

मी हसलो. तो हसला नाही.

"तुमच्या कागदावर दिवसाला एक गोळी लिहिली आहे. तुम्ही महिन्याला तिघांच्या गोळ्या नेता. पण पोटाची गोळी मात्र एकट्याचीच नेता. बाकीच्या कोण खातं?"

मी तानुबाईचं नाव सांगितलं. त्याने हातातला खोका खाली ठेवला.

"पोटाची गोळी घेते बरोबर?"

"नाही. तिच्या पोटाला..."

"जेवून घेते?"

मी आगारीचं सांगितलं. असलम आमच्याच गावचा; त्याला आखाजी आणि पितृपक्ष शिकवावा लागत नाही. तो काउंटरवरून पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "नाना, आत्ता घरी जा. गोळी बंद करायला सांगा. आणि तिला विचारा, शौचाला काळं होतं का. डांबरासारखं, चिकट. हो म्हणाली तर आजच्या आज डॉक्टर. उद्या नाही."

घरी येईपर्यंत माझे गुडघे मला आठवले नाहीत.

तानुबाई दारात बसून तूर निवडत होती. मी तिला रोज पाहत होतो, पण त्या दिवशी नीट पाहिलं. ओठ कणकेसारखे पांढरे झालेले. सुपातून हात उचलायलाही श्वास लागत होता. आता बाईमाणसाला असलं विचारायचं कसं? पण तीस वर्षं बाईचं सोंग केलेल्या माणसाला बाया थोडं माफ करतात. मी विचारलं.

"हाई काय इचारनं व्हयनं, नाना!" ती तडकली.

पण बेबाबाई आतून बाहेर आली. तिच्या हाताला पीठ तसंच होतं. "हा नाना. महिना व्हयना. डांबरनामायक काळं व्हस. परवा मोरीमा चक्कर यीसन पडन्यात बी. माले म्हनन्यात, नानाले सांगू नको."

"धग जळीसन बाहेर पडी ऱ्हायनी," तानुबाई म्हणाली. "पडू द्या ना. चांगलं शे ते."

"तानु, ती धग नाही. ते रक्त आहे. ऊठ, धुळ्याला जायचं."

ती उठली नाही. तुरीतले खडे वेचत राहिली. मग खाली बघूनच बोलली, "ताईबाईले बी धुळाले लयी गयथात."

ताईबाई तिची थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी पोट दुखायचं म्हणून नेली. दुर्बीण घातली, पोटात गाठ निघाली. दिवाळीला नेली आणि संक्रांत काही तिने पाहिली नाही.

"दुर्बीण टाकी आनि गाठ सापडनी," तानुबाई म्हणाली. "माले दुर्बीण नको. जे शे ते मना पोटमा राहू द्या."

तेव्हा मला कळलं. धग, धग हे ती आम्हाला सांगत होती. स्वतःला ती रोज गाठच सांगत होती. कुणाला न कळू देता तिने मरणाशी ओळख करून घेतली होती, आणि वर मला ओट्यावर चहा पाजत होती.

मी घरात गेलो. माझ्या फळीवरच्या दोन्ही पट्ट्या काढून आणल्या आणि तिच्या सुपात टाकल्या.

"या दोन गोळ्या बघ. डॉक्टरांनी मला जोडीने दिल्या होत्या. ही दुखणं थांबवते. ही दुसरी पोट सांभाळते. मी तुला ही एकच दिली. दुसरी दिली नाही. पाच महिने मी तुला अर्धं औषध देत होतो, तानु. आणि तू ते उपाशी पोटी घेत होतीस. तुझं हे जे झालंय, ते माझ्या हातून झालं असेल."

फडात मी हजार वेळा खोटं रडलो आहे. त्या दिवशी खरं रडताना लाज वाटली, कारण ते सोंगासारखंच दिसत असेल.

तानुबाईने दोन्ही पट्ट्या उचलून उलटसुलट पाहिल्या.

"म्हंजे, हाई गोळीघाई व्हयनं?"

"असं दिसतं. असलम तेच म्हणतो."

"मंग गाठ नही?"

"ते मला कसं सांगता येईल? पण गोळीचं असेल, तर गोळी थांबवता येते. जखम भरून येते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी शिव्यांची वाट पाहत होतो. तिच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू वेगळंच काही उमटत गेलं. कित्येक दिवस दाबून ठेवलेला श्वास तिने सोडला.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही इतली मोठी चूक करी, तरी माले बरं वाटी ऱ्हायनं." आणि सुनेला हाक मारली, "बेबा, मनं धुवेल लुगडं काढ. बस कितला वाजता शे?"

दुपारच्या एसटीने आम्ही तिघं धुळ्याला गेलो. डॉ. वाणींनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि तपासणीच्या खाटेवरून तिला उठूच दिलं नाही. रक्त तपासलं. असायला हवं त्याच्या निम्मंच होतं. त्या रात्री तिला रक्ताच्या बाटल्या लागल्या आणि दुर्बीण दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली.

डॉक्टरांनी मला ओळखलं. मी काही लपवलं नाही. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "मी जोडी दिली होती. तुम्ही जोडी फोडलीत."

हे मला ज्या भाषेत कळायला हवं होतं त्याच भाषेत त्यांनी सांगितलं. ढोलकीवाल्याशिवाय नाचणारीला बोर्डावर लोटायचं पाप मी फडात कधी केलं नव्हतं.

सकाळी तिला आत नेलं. घशात बधिर करणारा फवारा मारला तेव्हा तिचा आवाज बाहेर ऐकू आला, "मिरच्यास्ना ठेचा याना परीस बरा." मग दार लागलं. बेबाबाई आणि मी बाकावर. बेबाबाईने पदराचं टोक चावून चावून ओलं केलं. हजारोंच्या गर्दीपुढे जाण्याआधी मी पडद्यामागे उभा राहिलो आहे, फड पेटवायला निघालेल्या दारुड्यांपुढे उभा राहिलो आहे. पण त्या बाकावर जशी माझी जीभ कोरडी पडली तशी कधी पडली नव्हती.

अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. दुर्बिणीला लावून लावून त्यांच्या उजव्या डोळ्याभोवती गोल वळ उमटला होता.

"जठरात दोन जखमा आहेत," ते म्हणाले. "एक मोठी, एक लहान. रक्त आता वाहत नाही. गाठीसारखं मला काही दिसलं नाही. गोळीच्याच जखमा वाटतात."

बेबाबाई उठून उभी राहिली.

"थांबा. वाटतात म्हटलं. जठरातल्या जखमेचा तुकडा तपासल्याशिवाय मी कुणाला शब्द देत नाही. तुकडा घेतला आहे. आठ दिवसांनी कळेल."

दुपारी तानुबाई बसती झाली तेव्हा डॉक्टर तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. मी बरेच डॉक्टर पाहिले, पण पेशंटच्या चुलीची चौकशी करणारा हाच.

"आजी, चुलीवर भांडं ठेवताना त्याला बाहेरून काय लावता?"

"राखमाटीना लेप. नहीतं बूड जळी जास."

"तुमच्या पोटाला तसाच लेप आतून असतो. अन्न पचवायला पोटात आम्ल असतं, जहाल. त्याने पोटच जळू नये म्हणून हा लेप. तो रोज विरतो, शरीर रोज नवा करतं. या गोळीने तुमचा खांदा थांबतो, पण नवा लेप करायचं कामही थांबतं. मग आम्ल थेट कातडीवर."

तानुबाईने विचार केला. "मंग दंडमा सुई मारा ना. पोटमा जावाव नही."

डॉक्टर हसले. "सगळे हेच विचारतात. सुईतलं औषध रक्तातून सगळीकडे जातं. लेपाचं काम तिथूनही थांबतं. गोळी तोंडातून आली का दंडातून, पोटाला फरक फार नाही."

"आनि जेवीसन लिधी ते?"

"जेवून घेतली तर जळजळ कमी. रिकाम्या पोटी घेणं वाईटच. पण नुसत्या जेवणाने लेप वाचत नाही. म्हणून ज्याला ही गोळी रोज घ्यावीच लागते, वय झालेलं असतं, पोट आधी दुखलेलं असतं, त्याला आम्ल कमी करणारं दुसरं औषध बरोबर द्यायचं. आणि दुखण्याची गोळी कमीत कमी, थोडक्यात थोडके दिवस. तुम्ही तर दिवसाला तीन खात होतात, आजी. तुम्हाला ती आता बंद."

"मंग खांदा?"

"खांद्याला शेक, तेल, मी सांगतो तो व्यायाम. फारच दुखलं तर तापाची साधी गोळी, तीही मोजून. आणि या कॅप्सूल आठ आठवडे, सकाळी जेवणाआधी. नवीन आल्या आहेत. रक्त भरायला लोहाच्या गोळ्याही देतो." ते उठता उठता थांबले. "हां, लोहाने शौचाला काळपट होईल. घाबरायचं नाही."

तानुबाईने माझ्याकडे पाहिलं. "दख नाना. काळं व्हयनं ते मरस, आनि काळं व्हयनं ते बरं व्हस. याले दाक्तर म्हनतस."

"डांबरासारखं चिकट झालं, वास आला, चक्कर आली, तर मात्र लगेच या," डॉक्टर हसू दाबत म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. मग ते आठ दिवस. पोटाची आग कमी होत होती, ओठांना रंग येत होता, पण घरात कुणी तुकड्याचं नाव काढत नव्हतं. तानुबाई दोन वेळा जेवायची, वेळेवर कॅप्सूल घ्यायची आणि दुपारी भिंतीला टेकून बसायची. एकदा मला म्हणाली, "नाना, ताईबाईनं बी पहिला आठवडा बरं वाटनं व्हतं." तमाशातली सगळी भाषणं पाठ, पण या जागेचं एकही नव्हतं.

आठव्या दिवशी मी एकटाच धुळ्याला गेलो. तिने येऊ नये असं मीच म्हटलं. डॉक्टरांनी पाकीट उघडलं, कागद वाचला आणि चष्मा काढला. चष्मा काढणं चांगलं का वाईट, हे त्या क्षणी मला ठरवता येईना.

"काही नाही," ते म्हणाले. "साधी जखम आहे. गाठीचं नाव नाही."

मी कागद मागितला. इंग्रजीतला, मला वाचता न येणारा कागद, तरी मागितला. तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि परतीच्या बसमध्ये जागा असूनही उभाच राहिलो. पारोळ्याला उतरल्यावर असलमच्या दुकानासमोरून गेलो. त्याच्यापुढे दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्या डोक्यावरून त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, हात छातीला लावला आणि पुन्हा गोळ्या मोजायला लागला.

गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा तानुबाई ओट्यावर उभी होती. मी ठरवलं होतं, जरा थाटात सांगायचं. गणगौळणीनंतर पडदा सरकतो तशी बातमी उघडायची. पण ओट्यापर्यंत पोचलो आणि नुसताच खिशातला कागद चाचपत राहिलो.

"सोंग नका करू, नाना," ती म्हणाली. "सरळ सांगा."

"गाठ नही, तानु. नही. साधी जखम शे."

ती ओट्याच्या कडेवर बसली. बेबाबाईने येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तानुबाईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती. हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "दोन महिनापासून मी मनी तेरावीना मांडा कोन करी याना इचार करी ऱ्हायनथू. पारोळामा एक बी बाई पसंत पडत नव्हती."

डॉक्टरांनी आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालायला बोलावलं. दुर्बिणीआधी रात्रीपासून उपाशी राहावं लागतं. त्यावरून तिने डॉक्टरांना चांगलं सुनावलं, "उपाशी राहू नका म्हनतस, आनि उपाशीच बलावतस." आत दोन्ही जखमा भरून आल्या होत्या. जिथे मोठी होती तिथे फिकट डाग तेवढा उरला होता. बसस्टँडवर तिने शेवभाजी मागवली. मी नको म्हटलं, तर माझ्यासाठीही मागवली, आणि दोघांच्या ताटातला रस्सा बाजूला सारला. आम्ही नुसती शेव आणि भाकरी खाल्ली. तिखटाने जखम झाली नव्हती हे तिला माहीत होतं. पण म्हणाली, नव्या कातडीला आधी ओळख तर होऊ दे.

खांदा मात्र पूर्ण बरा झाला नाही. रोज सकाळी दाराच्या चौकटीवरून दोरी टाकून ती हात वर-खाली ओढायची, तेल लावून वाळूच्या पुरचुंडीने शेकायची. दुखायचं तेवढं दुखायचं. तिने मांडे कमी केले. बेबाबाईला खापरापुढे बसवलं. बेबाबाईचे पहिले वीस मांडे फाटले. ते आम्ही तिघांनी आणि गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून खाल्ले. माझी जोडी मी अजूनही जोडीनेच घेतो, जेवल्यावर, आणि कुणी माझ्याकडे दुखण्याची गोळी मागितली तर त्याला असलमकडे पाठवतो.

एक्क्याण्णवची आखाजी आली. इंदिराबाईंचा निरोप आला, यंदाही तानुच हवी. सासू-सून दोघी निघाल्या. खापर बेबाबाईच्या डोक्यावर, आणि तानुबाईच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. मीही मागे मागे गेलो. मला बोलावणं नव्हतं, पण तमाशा कुठे होणार याचा वास मला येतो.

इंदिराबाई सत्तरीच्या. सगळं घर त्यांच्या नजरेखाली चालायचं. परसात चूल पेटली होती, डाळीचं पुरण वाटून तयार होतं, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं. तानुबाई चुलीपाशी गेली नाही. ती ओसरीत इंदिराबाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने फडकं सोडलं. आत ज्वारीची भाकरी होती आणि वर शेंगदाण्याची चटणी.

"अक्का," ती म्हणाली, "आगारी व्हवाना आगोदर मी जेवसू. माले दाक्तरनी सांगेल शे, पोट रिकामं ठेवानं नही. चालत व्हई ते बठसू. नही चालत व्हई ते खापर लिसन घर जासू."

ओसरीतल्या बायांमधल्या एकीने तोंडाला पदर लावला. बेबाबाई खापर डोक्यावर घेऊन तशीच उभी. तानुबाई भाकरी पुढे धरून उभी होती, मागे सरली नाही. गेल्या वर्षी याच चुलीपुढे तिने पहिली गोळी गिळली होती.

इंदिराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे पाहिलं. त्यांच्याच नावाची आगारी पडायची होती.

"आमना आबा," इंदिराबाई म्हणाल्या, "जिता व्हतात तवय आगारीना आगोदर कोठीमा जाईसन दोन मांडा चोरीसन खायेत. मी सोता दखेल शे. तेस्ना बापले काय राग उना नही. तू काय भाकर खाशी ते ह्या रागवतीन का?"

ओसरी खदखदून हसली. इंदिराबाईंनी सुनेला हाक मारली, "वं, तानुले ताट दे. आनि कोरडी भाकर नको, वर दही टाक. आनि हाई नाना दारमा कसाले उभा शेतस? तेस्ले बी बठाडा."

तानुबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली आणि घाई न करता भाकरी खाल्ली. चटणी संपली तशी मागून घेतली. हात धुतले, पदराला पुसले, तोवर चुलीवर चढलेल्या खापराला जाळ लागला का ते वाकून पाहिलं आणि बेबाबाईला म्हणाली, "चाल, आते गोळा दे."